खालच्या टाकीशिवाय समुद्र

बीबी, १० नोव्हेंबर १९६३

मास्तरकीतून मोकळा झाल्यापासून दैनंदिनी बंद होती. आज पुन्हा सुरू करतो, कारण घरात प्रसंग आला आहे, आणि प्रसंगाची नोंद ठेवावी असं मी तीस वर्षं पोरांना शिकवलं.

परिस्थिती अशी. चिरंजीव तुळशीराम नोकरीनिमित्त मालवणला होता. तिथलीच मुलगी करून तो मे महिन्यात बदलीवर बुलढाण्याला आला. आठवडाभर तो तिकडे खोलीवर राहतो आणि शनिवारच्या मोटारीने घरी येतो. सूनबाई आशा आमच्याजवळ असते. पोरगी गुणाची, लिहितीवाचती, कामाला वाघीण. पण जेवत नाही. भाकरीचा पापुद्रा मोडते, वरणात बुडवते, तेवढ्यावर उठते. सहा महिन्यांत गालफडं बसली.

काल तुळशीराम मान खाली घालून म्हणाला, "बाबा, मालवणची जागा मार्चअखेरपर्यंत मोकळी हाये. हिचं इथं मन नाही लागलं तं मले अर्ज टाका लागन."

एकुलता एक पोरगा, आणि जाणार कुठे तर नकाशाच्या पार काठाला. मळ्यात जाऊन वांग्यांना पाणी देत बसलो. सकाळीच दिलेलं होतं, तरी दिलं.

१२ नोव्हेंबर

सूनबाईला सरळ विचारलं, "बाई, तुला इथे कमी काय पडतं?"

"काही नाही, मामंजी," म्हणाली. मग तोंड फिरवून स्वतःशीच पुटपुटली, "माका बांगड्यांची आठवण येता." आणि पदर डोळ्यांना लावून आत गेली.

एवढंच ना! 'बांगड्यांची': षष्ठी विभक्ती, अनेकवचन, शब्द बांगडी. संशयाला जागाच नाही. हातात हिरवा चुडा आहे, पण माहेरच्या तऱ्हेच्या बांगड्या वेगळ्या असणार. तीस वर्षं व्याकरण शिकवलेला माणूस घरात असल्याचा हा फायदा.

१७ नोव्हेंबर

शेगावला महाराजांचं दर्शन घेतलं आणि कासाराकडून तीन डझन बांगड्या आणल्या. निळ्या, समुद्राच्या रंगाच्या निवडल्या. सूनबाईने पुडा उघडला, बांगड्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ती एवढी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. घरात आल्यापासून तिला हसताना पहिल्यांदाच पाहिलं. उपाय लागू पडला.

आमच्या सौ. मनकर्णेला मात्र कौतुक नाही. "ह्या काऊन आणल्या जी? तिच्या हातात का कमी होत्या?" मी सूनबाईचे शब्द जसेच्या तसे सांगितले. ती सूनबाईच्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग तिला घेऊन विहिरीवर गेली.

रात्री जेवताना पुन्हा पापुद्राच.

२१ नोव्हेंबर

आज नकाशा काढून बसलो होतो. सूनबाईने विचारलं, "मामंजी, इथून समुद्र किती लांब?" मी दोरा लावून मोजून दाखवलं. ती त्या दोऱ्याकडे बघत उभी राहिली.

तेव्हा उलगडा झाला. बांगड्या हे निमित्त होतं, पोरीला समुद्राची ओढ लागली आहे! मन नेमकं बोलत नाही, ते आसपासचं बोलतं. आता तिला समुद्राकडे पाठवायचं नसेल तर समुद्र घरी आणावा लागेल.

हे वेड्यासारखं वाटेल, पण तुळशीरामच्या लग्नाहून परतताना मी मुंबईचं मत्स्यालय पाहिलेलं आहे. काचेच्या टाक्यांत खारं पाणी, तळाशी पोवळ्यांचे खडक, आणि त्यांतून फिरणारे पिवळे-निळे मासे. बाकीचे पुढे गेले तरी मी तासभर एकाच टाकीपुढे होतो. तिथल्या माणसाने मला आतली गोष्टही सांगितली होती. "वरची टाकी लोकांनी बघायला असते. सगळी घाण खालची टाकी पोटात घेते आणि पाणी निवळून वर देते. ती नसेल तर वरचा समुद्र आठ दिवस टिकायचा नाही."

आमच्याकडे खालच्या टाकीला जागा नाही, आणि पाणी वर चढवायला वीजही नाही. पण खालच्या टाकीचं काम माणसाने हाताने केलं तर? रोज दोन बादल्या काढायच्या, दोन घालायच्या. खालच्या टाकीशिवाय समुद्र. मुंबईवाल्यांना जमलं नसेल, कारण त्यांना वेळ नसतो.

व्याह्यांना पत्र टाकलं: 'चि. सौ. आशाच्या मनोरंजनार्थ आपल्याकडील समुद्रातले थोडे मासे पाठवावेत.' माशांवर सचित्र पुस्तक हवं म्हणून मुंबईलाही एक पत्र टाकलं.

३ डिसेंबर

गुलाबराव सुताराने टाकी आणून दिली. सागाची चौकट, बुलढाण्याहून आणलेल्या काचा, सांध्यांना डांबर. तीन हात लांब. ओसरीवर ठेवली. भरून पाहिली तर दोन कोपऱ्यांतून गळते. गुलाबराव म्हणाला, "मास्तर, डांबराले बसू द्या. पहिल्यांदा समद्याच नव्या वस्तू रडतेत." मी सूनबाईकडे पाहिलं आणि मान्य केलं.

तिने आपल्या पेटीतून शिंपले काढून दिले, आणि एक पांढरा, फांद्या फुटलेला पोवळ्याचा तुकडा. तिच्या वडिलांना तो वाळूत सापडला होता म्हणे. मूठ उघडताना हात जरा थांबला होता तिचा. मी तो तुकडा टाकीत मधोमध ठेवला. बाकी खडक म्हणून मळ्यातल्या गारगोट्या.

१४ डिसेंबर

आजचा दिवस दुःखाचा.

व्याह्यांकडची टोपली जालन्याहून मोटारीने आली. दोरी सोडून पाहिलं. सगळे मासे वाटेतच मेलेले. नुसते मेले नाहीत, वाळून कडक झालेले. अंगावर मिठाचा थर, म्हणजे समुद्राचं पाणी अंगावरच आटलं बिचाऱ्यांच्या. एवढ्या प्रवासात टोपलीत पाणी कसं राहणार, हे व्याह्यांच्या लक्षात आलं नाही. माणूस भोळा.

सोबत पत्र: 'आशेच्या आवडीचे बांगडे पाठवीत आहे. आपण होऊन मागितलेत, हे आपले मन मोठे. वाचून घरच्यांच्या डोळ्यांत पाणी आले.'

'बांगडे'! मूळ शब्द स्त्रीलिंगी, अनेकवचन बांगड्या. किनाऱ्यावरच्या लोकांचा लिंगविचार कच्चा दिसतो. पण टोपली उपडी करून पाहिली, बांगडी एकही नाही. वाटेत कोणी काढून घेतल्या असाव्यात. व्याह्यांना वाईट वाटेल म्हणून मी हे कळवणार नाही.

सूनबाई टोपलीपाशी आली आणि तिचे डोळे भरले. मी म्हणालो, "रडू नको. वांग्याच्या वाफ्यात पुरू, खत तरी होईल."

"नको मामंजी," ती घाईने म्हणाली, "त्यांचं मी बघते." आणि टोपली छातीशी धरून गोठ्याकडे गेली. मुक्या जिवांवर एवढी माया! मनकर्णा मागोमाग गेली. तिच्या गळ्यात बावीस वर्षांची तुळशीमाळ आहे, माशाची सावली तिला चालत नाही, पण मर्तिकाच्या वेळी सोवळं बघू नये हे तिला कळतं. दोघी तासभर आल्या नाहीत. मीही ओसरीवर दोन मिनिटं उभा राहिलो.

१९ डिसेंबर

हार मानली नाही. खारं पाणी आपल्या दाराशी असताना मालवणकडे कशाला बघायचं? लोणार! देवाने खड्डा भरून ठेवला आहे. गाडी जुंपून गेलो, तेलाचे रिकामे आठ डबे भरून आणले, येऊन-जाऊन दोन दिवस लागले. पाणी हिरवं आहे, हाताला बुळबुळीत लागतं आणि वास फार उग्र आहे. समुद्र म्हटला की वास आलाच.

२३ डिसेंबर

बाजारात आयुष्यात पहिल्यांदा मासळीच्या ओळीत गेलो. नाकाला उपरणं लावून, नजर वर ठेवून. कलाबाई भोईण बसली होती.

"जित्ते? मास्तर, जित्ते घेऊन काय करता? तुम्ही तं माळकऱ्याच्या घरचे."

"पाळणार आहे."

"मासे कोणी पाळते काय जी?" ती शेजारणीकडे बघून हसली. पण घागरीतून सात मासे दिले.

२३ डिसेंबर, संध्याकाळ

सातही गेले. टाकीत सोडल्यापासून अर्धा तास.

२ जानेवारी १९६४

विचार केला. मासे नदीचे, पाणी लोणारचं, ओळख नाही. आता विहिरीचं पाणी अधिक आणि लोणारचं थोडं, असं रोज एक तांब्या वाढवत नेणार. हवेसाठीही युक्ती काढली आहे. ट्रकची जुनी ट्यूब सायकलच्या पंपाने फुगवायची, तिच्या तोंडाला डॉक्टरांकडची रबरी नळी, नळीला सुईने भोकं. ट्यूब सकाळी भरली की दुपारपर्यंत बुडबुडे येतात. नवे पाच मासे आणले, आज चौथा दिवस, तीन जिवंत आहेत.

सूनबाई टाकीपुढे बसते. आज म्हणाली, "केवढे छान दिसतात हो, मामंजी." आणि तोंडाला सुटलेलं पाणी... नाही, डोळ्यांतलं पाणी असावं, तिने पदराने तोंड पुसलं. मला फार बरं वाटलं.

१५ जानेवारी

संक्रांत झाली. मुख्य नोंद अशी की सूनबाई जेवू लागली! दुपारचं आमच्याबरोबर जेवत नाही, 'गोठ्यात आंबोण शिजतेय, मी मागाहून बसते' म्हणते. पण अंगाला लागलेलं दिसतं, गाल वर आलेत. निळ्या बांगड्याही घालते आता. काचेच्या टाकीने वैद्यांना जमलं नसतं ते केलं. गाईला मात्र हल्ली आठवड्यातून तीनतीनदा आंबोण शिजते आणि दूध आहे तेवढंच. मनकर्णेला म्हटलं तर म्हणे, "गाय म्हातारी झाली जी."

कलाबाईसुद्धा मागच्या दाराने विचारपूस करायला येते. बाई अडाणी, पण आपल्या माशांचं कसं काय चाललंय याची काळजी तिला आहे.

२७ जानेवारी

वास वाढला आहे. शेजारचे उकंडराव आले, ओसरीच्या पायरीवरच थांबले. "मास्तर, कुठं काही मेलं काय?"

"समुद्र आहे तो."

"मंग समुद्रच मेला असन."

अशा माणसाशी काय बोलणार. पण मी वासाचा शास्त्रीय तक्ता करायला घेतला आहे. सकाळी लोणारचा नेहमीचा, कुजकट. मात्र दुपारी बाराच्या सुमारास त्यात वेगळाच वास मिसळतो. तिखट, खमंग, तेलात काही तळल्यासारखा, मागे किंचित आंबट. बाजाराच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी जोर अधिक. उन्हाने पाणी तापून क्षार वर येत असावेत. बाजाराचा संबंध अजून लागलेला नाही.

९ फेब्रुवारी

शेवटचा मासा आज गेला. लंगडा म्हणून मी त्याला ओळखत होतो, एका बाजूला कलून पोहायचा. पंप मारताना काचेपाशी यायचा. माणूस कशालाही जीव लावतो. वांग्याच्या वाफ्यात मी स्वतः पुरला.

मुंबईवाला खरं बोलला. पाणी शेवाळलं, कोपरे गळतात, रोजच्या चार बादल्यांनी कंबर गेली. दुपारी घरात सांगून टाकलं, "उद्या टाकी मोडतो."

दोघी एकदम उभ्या राहिल्या. सूनबाईचा चेहरा पांढराफटक. "नको, मामंजी! मासे नसले तरी चालेल. पाणी राहू दे!"

"अगं, नुसता वास येतो तो."

"मले नाही येऊन राह्यला वास," मनकर्णा म्हणाली. जिला उदबत्तीचा धूर सोसत नाही, ती म्हणाली. "पोरीचा जीव रमून राह्यला त्या टाकीत. तुम्हाले कायचा तरास? मी भरते बादल्या."

नऊ महिन्यांपूर्वी ही बाई कोकणच्या सुनेला चुलीपाशी येऊ द्यायला तयार नव्हती. आज तिच्यासाठी मेलेला समुद्र सांभाळायला तयार आहे. टाकी मोडत नाही.

२२ फेब्रुवारी

लोणारचं पाणी पुन्हा आणलं. मनकर्णेनेच आठवण केली, "वास कमी झाला जी." म्हणजे येतच होता.

१ एप्रिल

काल मुदत संपली. तुळशीराम सुटी काढून आला होता. मी संध्याकाळपर्यंत विषय काढला नाही. जेवायला बसताना त्याने आपण होऊन सांगितलं, "बाबा, अर्ज नाही टाकला. आशा म्हणते इथंच बरं हाये. म्हणते, अशी सासू मालवणातबी भेटणार नाही."

सासू! टाकी मी बांधली, लोणारला दोनदा मी गेलो, पंप मी मारला. असो. पोरगा राहिला. एक भाकरी जास्त मागून घेतली, एवढा आनंद झाला. सूनबाईने मला वाढताना तिच्या हाताला दुपारचा तो खमंग वास होता. टाकीजवळ बसून बसून अंगात मुरलेला दिसतो.

१८ एप्रिल

मुंबईहून पुस्तक आलं. पाच महिने लागले. ओसरीवर बसून सकाळपासून वाचत होतो, टाकीच्या शेजारी. समुद्रातल्या माशांची चित्रं, खाली नाव आणि माहिती. पापलेट. सुरमई. मग अकरावं पान. हिरवट पाठ, चंदेरी पोट, ओळखीचा बांधा. टोपलीत होते तेच. खाली छापलं होतं:

'बांगडा (पु.). अनेकवचन बांगडे. किनाऱ्यावरील लोकांच्या रोजच्या आहारातील मासा. ताजा अथवा खारवून खातात. चवीस उत्तम.'

पुल्लिंगी. षष्ठी, अनेकवचन: बांगड्यांची.

मी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचलं. मग दैनंदिनी काढून पहिल्या पानापासून वाचत आलो. आंबोण. कलाबाई. बाजाराचा दुसरा दिवस. वासाचा तक्ता. निळ्या बांगड्या पाहून आलेलं हसू. पोरांची उत्तरपत्रिका तपासावी तशी माझीच तपासली, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत लाल रेघ ओढावी असं ते लिखाण.

आधी राग आला. माझ्या घरात, माझ्या पाठीमागे! मग हसू आलं, तोंडावर उपरणं धरावं लागलं. मग मनकर्णेच्या गळ्यातली माळ आठवली आणि राग, हसू दोन्ही गेलं. बावीस वर्षं. ज्या बाईने माझ्या ताटात कधी कांदा पडू दिला नाही, ती विहिरीवर त्या पोरीशी काय बोलली असेल? तिने देवाला काय सांगितलं असेल? हे तिने मला सांगितलं नाही, कारण मी विभक्ती सांगत बसलो असतो.

बारा वाजले. तो वास आला. मी उठलो आणि परसातून गोठ्याकडे गेलो. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं.

गोठ्याच्या दारात मनकर्णा बसली होती. आतल्या बाजूला पाठ, हातात मांजरं हाकायला केरसुणी, पदर नाकावर घट्ट, दुसऱ्या हाताच्या मुठीत गळ्यातली माळ. आतून चर्र आवाज येत होता आणि सूनबाई मालवणीत काहीतरी गुणगुणत होती. मला पाहून मनकर्णा अशी दचकली, की लग्नाला छत्तीस वर्षं झाली पण एवढी घाबरलेली मी तिला पाहिली नव्हती.

"काय पाह्यजे जी?"

"काही नाही. आत काय चाललंय?"

"आंबोण शिजून राह्यली." केरसुणी तिने घट्ट धरली. "तुम्ही कायले उन्हात आले? जा, टाकीत हवा भरा."

खालच्या टाकीशिवाय मी समुद्र केला, असं पाच महिने लिहीत आलो. खालची टाकी होती. दारात बसलेली होती, नाकाला पदर लावून.

"हो," म्हणालो, "भरतो. आणि म्हटलं सांगावं, सोमवारी लोणारला गाडी नेतोय. पाणी जुनं झालं, वास पुरेसा येत नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग नाकावरचा पदर खाली आला.

"यावेळी दहा डबे आणा," ती म्हणाली.

ओसरीवर येऊन मी सायकलचा पंप लावला आणि ट्यूब भरली. टाकीत मासा एकही नाही. पांढऱ्या पोवळ्याजवळून बुडबुडे वर येत होते. नळी नीट बसली आहे ना ते पाहिलं आणि आणखी वीस हात मारले.